काट्याला न कळणारी चरबी

२००४ सालच्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक साधासा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही सडपातळ. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स म्हणजे बीएमआय दोघांचाही अगदी एकच : २२.३. कुठल्याही आरोग्य तपासणीत दोघांच्या कागदावर ‘नॉर्मल’ असंच लिहिलं गेलं असतं. पण यंत्राने अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन सारखं, चरबी मात्र दुपटीहून जास्त. दोन्ही आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं एकच, म्हणून हा प्रकार ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला.

युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे. तेव्हा एका जोडीवरून दोन समाजांचा निवाडा होत नाही, आणि तसा दावाही कुणी केला नव्हता. पुण्यात आणि इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या मोजमापांतून जे हाती येत होतं, ते त्या एका फोटोने सगळ्यांच्या चटकन ध्यानात आणून दिलं, इतकंच. भारतीय शरीर काट्यावर हलकं भरतं, पण त्या हलक्या वजनात चरबीचा वाटा मोठा आणि स्नायूंचा वाटा लहान असतो. शिवाय ती चरबी पोटात साठते.

आपल्याकडे एखाद्याला चाळिशीत मधुमेह निघाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला : “अंगावर मांस नाही, मग ह्याला साखर कुठून आली?” या प्रश्नातच उत्तर आहे. अंगावर मांस नाही, म्हणूनच. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हा बांधा आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की तो आजाराची पूर्वसूचना आहे हे कुणाला जाणवतच नाही. उलट लग्नानंतर पोट सुटलं की ‘तब्येत सुधारली’ असं कौतुक होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, पहिल्यांदाच देशभर कंबर आणि नितंबांचा घेर मोजला गेला. बीएमआयच्या हिशेबाने देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ ठरले. कंबर भागिले नितंब या गुणोत्तराने पाहिलं, तर मात्र ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे गेले. माणसं तीच आणि सर्वेक्षणही तेच, पण काट्याने विचारलं तर चौघांतला एक आणि टेपने विचारलं तर दोघांतला एक. या दोन आकड्यांमधल्या अंतरात जी कोट्यवधी माणसं आहेत, त्यांना आपण धोक्यात आहोत याची कल्पनाही नाही.

सरासरी माणसाचं गणित

बीएमआय हे सूत्र मुळात डॉक्टरांचं नाही. बेल्जियमचे अॅडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३०च्या दशकात ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. उंची, वजन, छाती अशी हजारो मापं जमवून त्यांनी दाखवलं की प्रौढांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. लठ्ठपणा किंवा आजार हा त्यांचा विषयच नव्हता.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्यांना विमाधारक किती जगेल याचा अंदाज हवा होता. त्यांनी उंचीनुसार ‘योग्य वजनाचे’ तक्ते केले आणि ते दवाखान्यांच्या भिंतींवर लागले. पुढे १९७२ साली अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं तपासली आणि केटले यांचं सूत्र त्यातल्या त्यात सोपं आणि बरं आहे, असं म्हणून त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. त्यांचा अभ्यास पुरुषांचा होता आणि भारत त्यात नव्हता.

लाखो लोकांचा कल पाहायला बीएमआय उपयोगी आहे. काटा आणि उंचीपट्टी सगळीकडे मिळते, हिशेब दोन मिनिटांचा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ६३ किलो असेल तर बीएमआय येतो २३. पण ते ६३ किलो शेतात राबणाऱ्या दंडामांड्यांचे आहेत की दिवसभर खुर्चीत बसून सुटलेल्या पोटाचे, हे या आकड्याला कळत नाही.

म्हणूनच २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे जादा टप्पे सुचवले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा, अशा रेषा आखल्या. २०२१ साली इंग्लंडमधल्या जवळजवळ १५ लाख लोकांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना टाइप टू मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच असतो, असं त्यात दिसलं. लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने तिथल्या तक्त्यात ‘नॉर्मल’ वाचून निश्चिंत होऊ नये, ते यासाठी.

पाण्यात तोललेले खेळाडू

वजन आणि चरबी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ठामपणे दाखवून दिलं ते अमेरिकन नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेंकी यांनी. १९४२ साली त्यांनी अमेरिकन फुटबॉलचे २५ व्यावसायिक खेळाडू तपासले. सैन्यभरतीच्या तक्त्यानुसार त्यांतले १७ जण जास्त वजनामुळे अपात्र ठरत होते. बेंकींनी त्यांना पाण्याखाली तोललं, आणि ही भारी माणसं चरबीने जड नसून स्नायूंनी जड आहेत हे सिद्ध झालं.

या पद्धतीमागचं तत्त्व आर्किमिडीजचं. चरबीची घनता साधारण ०.९ आणि स्नायू, हाडं, पाणी धरून बाकीच्या शरीराची साधारण १.१. म्हणून चरबी तरंगते आणि बाकीचं शरीर बुडतं. काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून माणूस डोक्यापर्यंत पाण्यात जातो आणि छातीतली हवा जेवढी सोडता येईल तेवढी सोडून स्थिर राहतो. फुप्फुसांत तरीही उरणारी हवा वेगळी मोजून वजा करावी लागते. हवेतलं वजन आणि पाण्यातलं वजन यांवरून घनता निघते. विल्यम सिरी यांनी १९६१ साली घनतेवरून चरबी काढायचं सूत्र दिलं : ४९५ भागिले घनता, वजा ४५०. घनता १.०७ असेल तर चरबी १२.६ टक्के, १.०५ असेल तर २१.४ टक्के. घनतेत दोन शतांशांचा फरक पडला की चरबीत जवळजवळ नऊ टक्क्यांचा पडतो. एखादा बुडबुडा चुकला तरी उत्तर बदलतं ते याचमुळे.

पुढे पाण्याऐवजी हवा आली. अंड्याच्या आकाराच्या बंद कक्षात माणूस बसतो आणि त्याच्या शरीराने किती हवा सारली यावरून आकारमान निघतं. पाण्याची धास्ती असलेल्यांना, म्हाताऱ्यांना आणि मुलांना हे सोयीचं. पण दोन्ही पद्धतींत एक गृहीत दडलेलं आहे : चरबी सोडून उरलेलं शरीर सगळ्यांचं सारख्याच घनतेचं असतं. हाडं विरळ झालेल्या आजीबाईंना आणि सूज असलेल्या रुग्णाला हे गृहीत लागू पडत नाही.

चिमटा आणि विजेचा काटा

प्रयोगशाळेत न जाता चरबीचा अंदाज घ्यायचा, तर चिमटा हे जुनं साधन. मोजणारा अंगठा आणि बोट यांत कातडी धरतो, खालचा स्नायू सुटेल अशी ती जरा उचलतो आणि बोटांपासून सेंटिमीटरभर अंतरावर कॅलिपरचे जबडे सोडतो. जबडे दर चौरस मिलिमीटरला दहा ग्रॅम इतका ठरावीक दाब देतात. काटा सुरुवातीला सरकतो, कारण दाबाने चरबी दबते. म्हणून दोनेक सेकंदांतच आकडा वाचायचा. दंडाची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या हाडावर, अशा चार जागा. ग्लासगोचे डर्निन आणि वोमर्स्ली यांनी १९७४ साली ४८१ स्त्रीपुरुषांना पाण्यातही तोललं आणि चिमट्यानेही मोजलं, आणि चिमट्यावरून चरबी काढायची समीकरणं दिली. ती आजही वापरात आहेत.

समीकरण ज्या शरीरांवरून बनतं, त्याच शरीरांना ते नीट बसतं. आपल्याकडे दंडावरचा चिमटा बारीक आणि फऱ्याखालचा जाड येतो. ही ठेवणच वेगळी आहे. शिवाय चिमट्यात फक्त कातडीखालची चरबी सापडते. आतड्यांभोवतीची आणि यकृतातली चरबी त्याच्या आवाक्याबाहेर.

आता जिममध्ये आणि आरोग्य शिबिरांत दुसरंच यंत्र असतं. अनवाणी उभं राहायचं, हातात मुठी धरायच्या आणि मिनिटाभरात रंगीत कागद बाहेर येतो : चरबी इतके टक्के, स्नायू इतके किलो, ‘शरीराचं वय’ इतकं. तत्त्व खरं आहे. स्नायूंत पाणी आणि क्षार असल्यामुळे त्यांतून वीज सहज जाते, चरबीतून ती नीट जात नाही. यंत्र अगदी सौम्य प्रवाह सोडतं, एक मिलिअँपियरहून कमी, त्यामुळे काही जाणवत नाही. पण त्या कागदावरच्या पंचवीस आकड्यांपैकी यंत्राने प्रत्यक्ष मोजलेला असतो तो फक्त विजेला झालेला अडथळा. बाकी सगळं त्या अडथळ्यात उंची, वजन, वय आणि लिंग घालून केलेलं गणित. कोणत्या लोकांवरून बसवलेलं गणित, हे कागदावर लिहिलेलं नसतं.

हे मोजमाप पाण्यावर अवलंबून असल्यामुळे उपासाच्या दिवशी, घाम गाळून आल्यावर, भरपेट जेवणानंतर किंवा मासिक पाळीच्या आसपास आकडा हलतो. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. धड जाड असल्याने त्यातून वीज सहज जाते. शरीराच्या वजनात धडाचा वाटा निम्म्याच्या आसपास असला तरी विजेच्या एकूण अडथळ्यात तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे या यंत्राचा आकडा मुख्यतः हातापायांवरून ठरतो, आणि आपली चरबी तर पोटात. म्हणून या यंत्राकडे न्याहारीआधी, एकाच वेळी, एकाच यंत्रावर घेतलेल्या नोंदींचा काही महिन्यांचा कल म्हणून पाहावं. एका दिवसाच्या आकड्याने हुरळूनही जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये.

चरबी कुठे आहे, हाच खरा प्रश्न

डेक्सा हे हाडांचा ठिसूळपणा तपासण्याचं यंत्र. दोन वेगवेगळ्या शक्तीचे क्ष-किरण शरीरातून सोडले की हाड, चरबी आणि बाकीच्या मऊ पेशी त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्यावरून तिन्हींचं वजन निघतं, तेही हात, पाय, धड असं वेगवेगळं. छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी किरण लागतात. सीटी स्कॅनमध्ये बेंबीच्या पातळीवरचा एक छेद घेतला तर कातडीखालची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी स्वच्छ वेगळी दिसते, पण त्याला किरण बरेच लागतात. एमआरआयला किरण लागत नाहीत. तो महाग आहे आणि वेळखाऊही.

या महागड्या यंत्रांनी एका जुन्या निरीक्षणाला दुजोरा दिला. मार्सेचे डॉक्टर ज्याँ वाग यांनी १९४७ सालीच लिहून ठेवलं होतं, की मांड्या-नितंबांवर चरबी साठणाऱ्यांपेक्षा पोटावर आणि धडावर चरबी साठणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकार जास्त होतात. १९९१ साली पॉल मॅककीग आणि सहकाऱ्यांनी लंडनमधल्या दक्षिण आशियाई लोकांत हीच गोष्ट दाखवली : पोटाचा घेर मोठा, इन्सुलिन पुरेसं असूनही त्याचा परिणाम कमी, आणि हृदयविकार जास्त.

पोटातली चरबी इतकी त्रासदायक का? तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत उतरतात. यकृत चरबीने भरतं, इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि नको असताना साखर रक्तात सोडत राहतं. दाह वाढवणारी रसायनंही तिच्यातून स्रवतात. आपल्या लोकांतच हे जास्त का, याचं एक स्पष्टीकरण २००७ साली अॅलन स्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी. जादा ऊर्जा सुरक्षित ठेवायची तिची जागा. दक्षिण आशियाई शरीरात ही कणगी लहान, म्हणून ती लवकर भरते आणि पुढचं सगळं यकृतात, आतड्यांभोवती, स्नायूंत सांडतं. म्हणूनच थोडंसं वजन वाढलं तरी आपल्याकडे नुकसान मोठं होतं. त्याची दुसरी बाजू आशादायक आहे : वजन थोडंसं उतरलं तरी आधी यकृतातली चरबी उतरते आणि साखरेत फरक दिसू लागतो.

पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं

हा बांधा नुसत्या शहरी राहणीतून आलेला नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका कामाने जगाला सांगितलं. १९९३ साली केईएमच्या पथकाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची मापं घ्यायला सुरुवात केली. दिवस राहण्याच्या आधीपासून त्यांचा आहार आणि त्यांचं काम नोंदवलं, रक्त तपासलं, आणि बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत त्याला गाठून त्याचीही मापं घेतली. या बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची.

पाऊण किलोहून थोडा जास्तच असलेला हा फरक अंगभर सारखा वाटलेला नव्हता. पुण्याच्या बाळांचं पोट, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव, सगळ्यांत लहान. दंड बारीक. म्हणजे अवयव आणि स्नायू मागे पडले होते. फऱ्याखालच्या चिमट्यात धरलेली कातडी मात्र इंग्रज बाळांच्या बरीच जवळ पोचत होती. गर्भात पोषण अपुरं पडलं तेव्हा शरीराने मेंदू आणि चरबी जमेल तितकी सांभाळली आणि स्नायूंच्या बाबतीत काटकसर केली. २००३ साली हे निष्कर्ष ‘थिन-फॅट’ बाळ म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांचे एमआरआय करून पाहिले, तेव्हा पुण्याची बाळं लहान असूनही त्यांच्या पोटातली चरबी जास्त निघाली.

या मातांपैकी बहुतेकींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या माता गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं अंगाने चांगली होती. हीच मुलं मोठी होताना केईएमच्या पथकाने पुन्हा पुन्हा तपासली. तारुण्यात पाऊल टाकेपर्यंत त्यांतल्या अनेकांची रक्तातली साखर मर्यादा ओलांडू लागली होती, आणि त्यांतले कितीतरी जण वजनाच्या तक्त्यात अजून ‘कमी वजनाचे’ होते.

हे वाचून आपण अस्वस्थ व्हायला हवं. मधुमेहाचं खापर आपण माणसाच्या जिभेवर आणि आळसावर फोडतो. पण त्याच्या शरीराची मांडणी त्याच्या जन्माआधी, एका अर्धपोटी मुलीच्या अंगात सुरू झालेली असते. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या सुनेचा आहार हा पुढच्या पिढीच्या हृदयाचा आणि स्वादुपिंडाचा प्रश्न आहे.

टेप नीट लावली तर

मग सामान्य माणसाने काय मोजावं? कंबर. ५२ देशांतल्या सुमारे २७,००० लोकांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००५ साली दाखवलं की हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबांच्या गुणोत्तराचं नातं जास्त घट्ट आहे. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. आणखी सोपा नियम : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०२२ पासून हाच सल्ला द्यायला सुरुवात केली. १६५ सेंटिमीटर उंचीला साडेब्याऐंशी. तक्ता लागत नाही. आपल्या उंचीएवढी दोरी दुमडून कंबरेभोवती पुरते का, एवढं पाहिलं तरी झालं.

पण कंबर म्हणजे कुठली जागा, इथेच घोटाळा होतो. बहुतेक पुरुषांना आपली कंबर पँटच्या मापावरून माहीत असते. पोट वाढतं तसा पट्टा खाली सरकतो, पोटाच्या खालून बांधला जातो आणि माप वर्षानुवर्षं चौतीसच राहतं. पोटाचा खरा घेर कधीच शंभर सेंटिमीटर ओलांडून गेलेला असतो. स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेगळी. साडीच्या निऱ्या, परकराची आवळलेली नाडी आणि वरून पदर, यांवरून टेप फिरवली तर चार-पाच सेंटिमीटरांची चूक सहज होते. नाडी सैल करायला सांगायची तर आडोसा हवा, मोजणारी बाई हवी आणि दोन मिनिटांची सवड हवी.

नीट पद्धत अशी. पावलांत थोडं अंतर ठेवून सरळ उभं राहायचं. कुशीला बोटांनी चाचपून सगळ्यांत खालची बरगडी शोधायची, मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधायचा. या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप, उघड्या अंगावर किंवा एका पातळ कापडावर. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेली पण रुतलेली नाही. पोट आत ओढायचं नाही. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. दोनदा मोजायचं. घरी एकमेकांचं माप घ्यायला याहून जास्त काही लागत नाही.

हे काम आपल्या गावांत चालूही आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई एका फॉर्मवर भरतात : वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, आईवडिलांचा आजार. बाईची कंबर ८० पर्यंत असेल तर शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यापुढे दोन. पुरुषांसाठी हेच टप्पे ९० आणि १००. एकूण गुण चारपेक्षा जास्त झाले की तपासणीसाठी आधी पाठवायचं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या पथकाने २००५ साली केलेली मधुमेहाच्या धोक्याची गुणपत्रिकाही वय, कंबर, हालचाल आणि घरातला मधुमेह एवढ्या चारच गोष्टींवर चालते. रक्ताचा थेंबही न घेता कुणाची तपासणी आधी करायची, ते यातून ठरतं.

टेपची ताकद अंगणवाडीताईंनाही जुनीच ठाऊक आहे. मेळघाटात आणि नंदुरबारमध्ये त्या लहानग्यांचा दंडघेर लाल, पिवळ्या, हिरव्या पट्टीने मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड आला की मूल तीव्र कुपोषित, ताबडतोब उपचार. त्या पट्टीने अनेक मुलं वेळेत हेरली जातात. त्याच गावात मुलाच्या आजोबांची कंबर मोजणं हा त्याच कामाचा पुढचा भाग आहे, कारण कुपोषण आणि पोटाची चरबी या एकाच इतिहासाच्या दोन बाजू आहेत.

स्नायू मोजल्याशिवाय हिशेब अपुरा

चरबीच्या चर्चेत स्नायू विसरले जातात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलण्यात त्यांचा वाटा फार मोठा असतो. ते जन्मापासून कमी, त्यात बैठं काम, ताटात डाळ आणि दूध बेताचं, आणि साठीनंतरची झीज. अशा शरीरात साखरेला जायला जागा उरत नाही. म्हातारपणी वजन तेवढंच राहून स्नायू घटले आणि चरबी वाढली, तरी काटा तसूभरही हलत नाही.

स्नायूंची ताकद मुठीवरून मोजता येते. हाताने दाबायचं एक छोटं यंत्र असतं. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोच्या आत आणि स्त्रीची १८ किलोच्या आत असेल तर ती कमी समजायची. भारतासह १७ देशांतल्या ‘प्युअर’ या अभ्यासात पकड दर ५ किलोंनी कमी झाली की मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त दिसला. वरच्या रक्तदाबापेक्षाही पकडीवरून मृत्यूचा अंदाज जास्त नेमका आला. घरी करायची चाचणी याहून सोपी : हातांची घडी छातीवर ठेवून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांतली ताकद घटली आहे.

वजन उतरवणाऱ्यांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावं. कडक उपास करून किंवा हल्लीची इंजेक्शनं घेऊन वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. पुरेशी प्रथिनं आणि जोर-बैठका, वजनं यांसारखा ताकदीचा व्यायाम जोडीला नसेल, तर काट्यावरचा आकडा खूश करतो आणि शरीर आणखी दुबळं होतं. आपला मूळ दोष स्नायूंच्या कमतरतेचा. त्यात भर पडता कामा नये.

मोजल्यावर पुढे काय

२०२५च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितलं की एकट्या बीएमआयवरून कुणाला लठ्ठपणाचा रुग्ण ठरवू नये. कंबर किंवा प्रत्यक्ष चरबी मोजून खात्री करावी, आणि अवयवांवर परिणाम झाला आहे की नाही हे वेगळं पाहावं. त्याच सुमारास भारतीय तज्ज्ञांनीही पोटाचा घेर आणि त्यातून उद्भवलेले आजार यांना व्याख्येतच जागा दिली. याज्ञिक-युडकिन यांच्या फोटोने जे २००४ साली दाखवलं होतं, ते आता नियमांत उतरतं आहे.

नुसत्या मोजण्याने मात्र कुणी बरं होत नाही. जपानने २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या सगळ्यांची कंबर दरवर्षी मोजायला सुरुवात केली. पुरुषांना ८५ सेंटिमीटरची मर्यादा घातली आणि त्यापुढे गेलेल्यांना सल्ला देण्याची सोय केली. २०२० साली त्या सल्ल्याचा परिणाम तपासला तेव्हा पुरुषांची वजनं जराशी उतरलेली दिसली, हृदयविकाराचा धोका मात्र फारसा हललेला नव्हता. चालायला रस्ता, परवडणारी डाळ आणि भाजी, कामाच्या मध्ये उठायची मुभा, यांतलं काहीच न देता माणसाला नुसता आकडा दिला तर त्याच्या पदरात भीती आणि शरम पडते. मोजणाऱ्याने आकड्याबरोबर पुढची वाट दाखवायला हवी : साखर, रक्तदाब आणि यकृताची तपासणी, आहारातला एखादा झेपणारा बदल, ताकदीचा व्यायाम आणि तीन महिन्यांनी पुन्हा माप.

काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक दवाखान्यात काट्याशेजारी टेप टांगलेली असावी आणि केसपेपरवर वजनाखाली कंबरेचा रकाना असावा. कंपन्यांच्या वार्षिक तपासणीत रंगीत कागदापेक्षा हे दोन आकडे आणि मुठीची पकड नोंदवावी. आरोग्य केंद्रात कंबर मोजायला एक पडदा आणि एक आडोशाची जागा मिळावी, म्हणजे आशाताईंच्या फॉर्मवर खरा आकडा उतरेल. शाळेतल्या मुलींना त्यांच्या वजनावरून टोकण्यापेक्षा त्यांचं हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ताटातली डाळ-भाजी पाहावी, कारण उद्याच्या बाळांचे स्नायू आज त्यांच्या अंगात घडत आहेत. आणि घरात तिशी ओलांडलेलं कुणी ‘मी तर बारीकच आहे’ म्हणून तपासणी टाळत असेल, तर त्याची कंबर आधी मोजावी. ज्या धोक्याची जाणीव वीस वर्षं आधी होऊ शकते, तो हृदयविकाराच्या झटक्यानंतर कळावा, एवढी ढिलाई आता आपल्याला परवडणारी नाही.